गोधडीवर नाव कुणाचं?

गोधड्यांच्या प्रदर्शनांबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. टाळत होते, कारण लिहायचं तर सुरुवात स्वतःपासून करावी लागणार, आणि ती हकीकत काही फारशी अभिमानाची नाही. घरातल्या काहींना ती माहीत आहे. त्यांनी पुन्हा एकदा ऐकून घ्यावी, ही विनंती.

निवृत्तीनंतर वेळ घालवायला म्हणून मी एका शिवणाच्या वर्गाला जाऊ लागले. तिथे 'आर्ट क्विल्ट' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला. म्हणजे पांघरायची नाही, भिंतीवर लावायची गोधडी. अंग तेच: वरचं कापड, मधलं भरण, खालचं अस्तर आणि तिन्हींना धरून ठेवणारे टाके. पण वरच्या थरावर काय वाट्टेल ते करायची मुभा. तुकडे जोडा, ॲप्लिक करा, कांथ्याचे टाके घाला, बाटिकचं कापड घ्या, आरसे लावा, साडीचे काठ लावा, वरून रंगसुद्धा मारा. एकाच कामात अशा तीन-चार पद्धती आल्या की खालच्या पट्टीवर लिहितात 'मिश्र तंत्र'. मागे वरच्या कडेला कापडाची एक नळी शिवायची, तिच्यातून काठी घालायची आणि टांगायचं.

मला हे फार आवडलं. दोन-तीन वर्षं लहानसहान कामं केली. मग वर्गातल्या बायकांनी मिळून प्रदर्शन भरवायचं ठरवलं, तेव्हा काहीतरी मोठं करावं असं वाटलं. माळ्यावरच्या ट्रंकेत सासूबाईंची एक जुनी गोधडी होती. कडा विरलेल्या, एका बाजूला उंदरानं कुरतडलेलं, पण मधला भाग शाबूत. जुन्या लुगड्यांचे सात पदर होते तिला. मी ती कापली. मधला चांगला तुकडा काढला, खादीवर बसवला, भोवती खणाचे तुकडे ॲप्लिक केले, चहाच्या पाण्यात रंगवलेल्या मांजरपाटाची जमीन केली. नाव दिलं 'पेरणी'. सासूबाईंचे धावदोऱ्याचे टाके ओळीनं जात होते, ते नांगरटीच्या तासांसारखे दिसायचे. त्यावर मशीननं आणखी टीप मारायचा विचार होता, पण सात पदर आणि खाली खादी... दोन सुया मोडल्या आणि मी तो नाद सोडला. म्हणजे मधल्या भागात दिसत होते ते सगळे टाके त्यांचे होते.

त्या टाक्यांत एका जागी पांढरा दोरा संपून वीतभर हिरवा दोरा आला होता आणि पुढे पुन्हा पांढरा. तो भाग मी मुद्दाम मधोमध येईल असा कापला. नजर माझी होती, एवढं श्रेय मी घेतेच.

प्रदर्शनात 'पेरणी'पुढे लोक थांबायचे. एका गृहस्थांनी मला बोलावून सांगितलं, "तो हिरवा दोरा म्हणजे कोंब ना? एवढ्या कोरड्या रंगात एकच हिरवी रेघ. फार सूचक आहे हो!" मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "थँक्यू."

खालच्या पट्टीवर माझं नाव होतं. 'मिश्र तंत्र : खादी, खण, जुनी गोधडी, मांजरपाट.' सासूबाई तिथे होत्या, पण 'जुनी गोधडी' या दोन शब्दांत, खण आणि मांजरपाट यांच्या मध्ये.

तिसऱ्या दिवशी आमच्या वन्सं आल्या. त्यांचं वय तेव्हा ऐंशीच्या घरात. काठी टेकत टेकत एकेक गोधडी बघत 'पेरणी'पाशी आल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 'हात लावू नये' अशी पाटी होती, तरी त्यांनी बोट लावलंच.

"अगं, ही आईची गोधडी ना?"

"हो वन्सं. उंदरांनी खाल्ली होती. चांगला भाग तेवढा घेतला."

"हा हिरवा दोरा बघ. मी फायनलच्या वर्गात होते. पांढरं रीळ संपलं म्हणून आईनं मला दुकानात पिटाळलं, तर दुकान बंद. ती म्हणाली, असू दे, हिरवा आहे की घरात. दुसऱ्या दिवशी रीळ आणलं मी."

मग पट्टी वाचली. हळूहळू, एकेक शब्द.

"मग आईचं नाव कुठंय यात?"

आवाजात राग नव्हता. खरंच शोधत होत्या त्या. मी काहीतरी पुटपुटले: प्रदर्शनाची पद्धत असते, एकच नाव लिहितात वगैरे. त्या "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या गोधडीकडे वळल्या. चौतीस वर्षं वर्गात उभी राहून मी मुलांना सांगत आले, दुसऱ्याच्या वहीतलं उतरवलंत तर कबूल करा. आणि तिथे 'कोंबा'चं कौतुक खिशात घालून उभी होते.

त्या रात्री मी कार्डावर दुसरी पट्टी लिहून काढली. सकाळी ती लावायला गेले तर व्यवस्था बघणाऱ्या बाई म्हणाल्या, सगळ्या पट्ट्या एका मापाच्या आहेत, दोन नावं बसत नाहीत, आणि एकीला परवानगी दिली की सगळ्या मागतील. सगळ्या मागतील, हे मात्र त्या बरोबर बोलल्या. मागायलाच हवं, हेच मला आज म्हणायचं आहे.

या विषयावर तेव्हापासून मी मिळेल ते वाचत आले. त्यातून कळलं की हा घोळ आपल्याकडचाच नाही, आणि नवाही नाही.

गोधडी भिंतीवर आली त्या प्रवासात एका प्रदर्शनाचं नाव हटकून घेतात. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघांनी आपल्या संग्रहातल्या अमेरिकन क्विल्ट मांडल्या. पलंगावरून उचलून आधुनिक चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या. लोक थक्क झाले. पण बहुतेक गोधड्यांना शिवणारीचं नाव नव्हतं. चित्रांसारखं मांडलं सगळं, चित्रकारासारखं नाव मात्र नाही! दोनच वर्षांनी, १९७३ मध्ये, पॅट्रिशिया मैनार्डी यांनी एका स्त्रीवादी कलापत्रिकेत लेख लिहून हे बोलून दाखवलं. बायका आपल्या कामावर सही करत, साल घालत, मग त्यांना अनामिक ठरवता कसं, असा त्यांचा मुद्दा होता.

नंतर चित्र बदललं. १९७९ साली ओहायो राज्यातल्या अथेन्स गावी गाईंच्या जुन्या गोठ्याच्या इमारतीत 'क्विल्ट नॅशनल' नावाचं प्रदर्शन सुरू झालं, खास भिंतीवरच्या नव्या क्विल्टसाठी. तिथे प्रत्येक कामाला करणारीचं किंवा करणाऱ्याचं नाव. म्हणजे गोधडीला 'आर्ट' म्हटलं की नाव येतं, नुसती गोधडी म्हटलं की नाव जातं. आणि माझ्यासारखी कुणी जुनी गोधडी कापून आर्ट क्विल्ट करते, तेव्हा एक नाव लागतं आणि त्याच पट्टीवर दुसरं पुसलं जातं.

याच्या उलट एक गोष्ट मला फार भावते. हॅरिएट पॉवर्स या जॉर्जिया राज्यात १८३७ साली गुलामगिरीत जन्मलेल्या बाई. त्यांनी बायबलमधल्या गोष्टींची एक क्विल्ट केली. अकरा चौकटी, कापडातून कातरलेली माणसं आणि प्राणी, काही टाके हातानं, काही मशीननं. आजच्या भाषेत मिश्र तंत्रच. (आपल्याला वाटतं आपणच शोधलं!) १८८६ साली ती एका स्थानिक प्रदर्शनात लागली. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेनं ती विकत मागितली, पॉवर्सबाई नाही म्हणाल्या. चार-पाच वर्षांनी घरची ओढाताण झाली तेव्हा त्यांनी दहा डॉलर मागितले आणि पाच डॉलरला ती दिली. पाच डॉलर! त्यानंतरही त्या स्मिथबाईंकडे आपली क्विल्ट बघायला जात. पोरीला सासरी भेटायला गेल्यासारखंच की हे.

स्मिथबाईंनी भाव पाडून घेतला, ते मला आवडत नाही. पण एक गोष्ट त्यांनी शिक्षिकेला शोभेल अशी केली: प्रत्येक चौकटीत काय आहे ते पॉवर्सबाईंकडून समजून घेतलं आणि लिहून ठेवलं. ती क्विल्ट आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे, पॉवर्सबाईंच्या नावानं. लिहिण्याचं ते थोडं काम कुणी केलं नसतं तर तीही 'जुनी गोधडी' झाली असती.

आणखी एक उदाहरण फेथ रिंगगोल्ड यांचं. मोठ्या चित्रकार, २०२४ मध्ये वारल्या. त्यांची पहिली क्विल्ट १९८० सालची, 'एकोज ऑफ हार्लेम'. रंगवलेले चेहरे आणि कापड एकत्र. ती त्यांनी आईबरोबर केली. आई, विली पोझी, कपडे बेतणाऱ्या-शिवणाऱ्या. लेक जगप्रसिद्ध झाली तरी या कामाची माहिती देताना आजही आईचं नाव सोबत येतं. रिंगगोल्डबाईंचं काही कमी झालं का त्यानं? उलट ती क्विल्ट बघताना आपल्याला दोघी दिसतात.

आपल्या देशात बंगालच्या कांथ्यावर तर बायकांनी स्वतःच नाव टाचलेलं आहे. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयाच्या संग्रहात मानदासुंदरी नावाच्या बाईंचा एकोणिसाव्या शतकातला कांथा आहे. वडिलांसाठी आपल्या हातानं केला, असं त्यांनी सुईदोऱ्यानंच लिहून ठेवलंय. आपल्या गोधडीवर अशी अक्षरं मी क्वचितच पाहिली. आपल्याकडे ती घरातच राहणार, घरातल्यांना माहीतच असणार, मग नाव कशाला? आणि आता ती घराबाहेर पडली आहे. दुकानांत, हॉटेलांच्या भिंतींवर, परदेशातल्या प्रदर्शनांत. सोबतच्या चिठ्ठीवर 'ग्रामीण महिलांनी हाताने शिवलेली' असं असतं. महिला अनेकवचनी, नाव एकीचंही नाही. रेखाटन करणाऱ्या डिझायनरचं मात्र असतं.

आता यावर जे आक्षेप घेतात ते मी ऐकलेले आहेत. एकेक घेते.

पहिला : चित्रकार कॅनव्हास विणणाऱ्याचं नाव लिहितो का? नाही लिहीत, आणि मीही खण विणणाऱ्याचं नाव शोधत बसले नव्हते. पण कापड आणि टाका यांत फरक आहे. कापड बाजारातून येतं. टाका घालताना एका बाईनं दोन टाक्यांतलं अंतर ठरवलं, ओळ कुठे वळवायची ते ठरवलं, पांढरा संपल्यावर हिरवा चालेल हे ठरवलं. लोक ज्यापुढे थांबत होते ते तिनं ठरवलेलं होतं. जे बघून प्रेक्षक थांबतो, त्याच्या मागच्या हाताचं नाव पट्टीवर हवं. माझी मोजपट्टी इतकी साधी आहे.

दुसरा : मजुरी दिली की संबंध संपला. हा आक्षेप मला सगळ्यात जास्त खटकतो. मजुरीनं गोधडी विकत मिळते. ती कुणी शिवली ही वस्तुस्थिती विकत मिळत नाही. सिनेमात दिवे धरणाऱ्यालाही पैसे मिळतात, तरी शेवटी पडद्यावर त्याचं नाव सरकतंच ना? कुणी म्हणत नाही की पडदा खराब झाला.

आणि नावाला पैशाची बाजूही आहेच. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड म्हणून एक वस्ती आहे, नदीच्या वळणातली. गुलामांच्या वंशातल्या तिथल्या बायका जुन्या कामाच्या कपड्यांतून, जीनमधून, क्विल्ट करत आल्या. २००२ साली त्या क्विल्टचं प्रदर्शन ह्यूस्टनला भरलं आणि मग त्याच व्हिटनी संग्रहालयात गेलं. या वेळी प्रत्येकीच्या नावासकट. २००६ मध्ये अमेरिकन टपाल खात्यानं त्यांच्या दहा क्विल्टची तिकिटं काढली. २००७ मध्ये त्यांच्यातल्या काही जणी हक्क आणि पैशाच्या वाट्यावरून कोर्टात गेल्या, आणि २००८ मध्ये ते प्रकरण तडजोडीनं मिटलं. कोण चूक, कोण बरोबर हे मी इथे बसून सांगणार नाही. पण दावा लावायला आधी नाव लागतं. 'ग्रामीण महिला' कुठल्या कोर्टात जाणार?

तिसरा आक्षेप : त्या बायकांनाच नाव नको असतं. यात तथ्य आहे. आमच्या भागात एक बाई गोधड्या शिवून देतात. त्यांना मी म्हटलं, कोपऱ्यात तुमचं नाव टाचा. त्या लाजल्या. "माझं नाव कशाला बाई, शिवायचं पैसं मिळाल्यालं हाईत." मी कागदावर लिहून दिलं आणि म्हटलं, वाटलं तर टाचा, नाहीतर राहू दे. गोधडी आली तेव्हा कोपऱ्यात नाव होतं, मी लिहिलं होतं त्याच्या दुप्पट मोठ्या अक्षरांत. :) कुणाला खरंच नको असेल तर आग्रह नाही. पण आधी विचारा तरी.

चौथा आक्षेप माझ्या मनातलाच आहे : मग माझं काय उरलं? हे लिहायला जड जातं, पण पट्टी लिहिताना माझ्या मनात हेच होतं. दोन नावं लिहिली तर लोक म्हणतील, हिनं काय केलं, सासूची गोधडी कापली! आज वाटतं, म्हणेनात का. कापणं हेही काम आहे. कुठून कापायचं, शेजारी काय ठेवायचं, हिरवा दोरा मधोमध आणायचा, हे माझं होतं. ते तेवढंच होतं आणि तेवढंच लिहायला हवं होतं.

तेव्हा माझं म्हणणं असं. प्रदर्शनातल्या पट्टीवर तीन ओळी असाव्यात. रचना कुणाची. टाके कुणाचे. आणि जुनी गोधडी किंवा भरतकाम वापरलं असेल तर ते मूळ कुणाच्या हातचं. नाव माहीत नसेल तर 'नाव मिळाले नाही' असं स्पष्ट लिहावं. म्हणजे बघणाऱ्याला निदान कळेल की इथे कुणीतरी होतं. पट्टीचं माप वाढवावं लागेल, एवढाच खर्च.

पुढे 'पेरणी' दुसऱ्या एका ठिकाणी लागली, तेव्हा मी हे पाळायचं ठरवलं. आणि लिहायला बसले तर अडले. सासूबाईंना सगळे 'आई' नाहीतर 'काकी' म्हणायचे. नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. कागदपत्रांत सासरचं नाव होतं. वन्संना फोन केला. त्या म्हणाल्या, "ते लग्नात बदललेलं. तिच्या माहेरचं नाव वेगळं. गोधडी शिवायला ती माहेरी शिकली, आजीजवळ. तेही लिही." दोन्ही लिहिली. पट्टीवर लिहिली आणि कापडाच्या चिंधीवर टाचून गोधडीच्या मागेही शिवली, कारण पट्टी प्रदर्शनाबरोबर जाते, चिंधी गोधडीबरोबर राहते. खाली हिरव्या दोऱ्याची हकीकत दोन ओळींत लिहिली. (नावं इथे देत नाही. घरच्यांची नावं इंटरनेटवर टाकायची नाहीत हा माझा जुना नियम तुम्हाला माहीत आहेच.)

या वेळीही लोक थांबले. एक मुलगी ती दोन ओळींची हकीकत वाचून हसली आणि आपल्या आईला बोलावून घेऊन आली. "कोंब" मात्र कुणी म्हणालं नाही. थोडं चुकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू?

वन्संना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "आता बरोबर. पण फायनल नाही, मी सहावीत होते बहुतेक." असो. ती चिंधी आता उसवणार नाही.

शेवटी एक काम सांगते, शिक्षिकेची खोड म्हणून. तुमच्या घरी, माळ्यावर, ट्रंकेत, गादीखाली एखादी जुनी गोधडी असेल. ती काढा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, कुणी शिवली, कुणाच्या लुगड्याची आहे. उत्तर आलं की एका चिंधीवर लिहून मागच्या बाजूला चार टाके घाला. हे या महिन्यातच करा. सांगणारं माणूस आहे तोवरच हे होतं. आणि काय काय निघालं ते मला जरूर कळवा.